ग्लॉक पिस्तुलातील प्लॅस्टिकला पोलादाचा पर्याय

ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये निवडलेले ग्लॉक १७ पुढे अमेरिकेत ‘प्लॅस्टिकचे पिस्तूल’ म्हणून गाजले. विमानतळावरील धातुशोधक यंत्राला ते दिसणारच नाही, अशी भीती तेथे पसरली. ती निराधार होती. नळी आणि वरची स्लाइड पोलादाचीच आहे.

खरी उणीव एका लहानशा भागात होती. नेम धरण्यासाठी स्लाइडवर असलेल्या पुढच्या-मागच्या साइट कारखान्यातून बहुधा प्लॅस्टिकच्याच येतात. पिस्तूल म्यानातून वारंवार काढल्याने त्या झिजतात. पोलिसांची अडचण याहून गंभीर. एक हात जायबंदी झाल्यास मागची साइट पट्ट्याच्या कडेला अडकवून स्लाइड मागे ओढावी लागते; त्या झटक्यात प्लॅस्टिक दगा देऊ शकते. म्हणून अनेक जण पोलादी साइट बसवून घेतात. काहींत अंधारात चमकणारा ट्रिटियम असतो. मात्र साधारण बारा वर्षांत त्याचे तेज निम्म्यावर येते.

स्प्रिंगमधील प्लॅस्टिकची दांडी बदलण्याची हौस मात्र बव्हंशी अनाठायी! मुदतीने बदलायची असते ती स्प्रिंग.

साइट बदलल्यावर चांदमारीच्या मैदानावर नेम पुन्हा तपासणे अपरिहार्य ठरते. पुढची साइट जराशी उंच झाली, तरी गोळी खाली लागते.