रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी आणि कूलंटचा हिशेब

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. भिवंडीहून मागाचे सुटे भाग आणि सुताच्या काही गोण्या भरून आमची जुनी व्हॅन मालेगावकडे निघाली होती. कसारा घाट अर्धा चढतो न चढतो तोच टेंपरेचरचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. सोबत असलेल्या भाच्याने घाईघाईने रेडिएटरची कॅप फिरवली आणि उसळलेल्या पाण्याने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. गाडी टोचन करून इगतपुरीला न्यावी लागली. हेड गॅस्केट गेले होते, हेड वाकले होते. माल तिसऱ्या दिवशी पोहोचला, तोवर गिऱ्हाइकाचे माग बंद पडून होते.

उस्तादने इंजिन खोलल्यावर आम्हाला जवळ बोलावून रेडिएटरच्या नळ्या दाखविल्या. पाणी तापविण्याच्या रॉडवर जमते तशी पांढरट-तपकिरी खपली त्यांत बसली होती. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. दोन वर्षे पाणी कमी झाले की आम्हीच अंगणातल्या बोअरचा तांब्या ओतत आलो होतो. कूलंटचा एक डबा वाचविला आणि हेडचे फेसिंग, गॅस्केट, टोचन व तीन दिवसांचा धंदा गमावला. आमच्या बहुतेक व्यापारी बंधूंचा टेम्पो किंवा व्हॅन हेच दुसरे दुकान असते. म्हणून हे काम घरच्या घरी कसे करावे ते येथे देत आहोत.

पुष्कळांचा समज असा की कूलंट हे थंड मुलखातल्या गाड्यांसाठी असते, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो! बर्फापासून बचाव हे त्याचे एक काम खरे, पण आपल्याला लागणारी कामे दुसरी आहेत. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकोल आणि गंज रोखणारी रसायने. निम्मे कूलंट व निम्मे पाणी असे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते, तर साधे पाणी १०० अंशांना. त्यावर रेडिएटरच्या कॅपचा दाब पडतो. ०.९ लिहिलेली कॅप नीट असेल तर साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते आणि मिश्रण त्याहून वर. म्हणूनच रबर सुकलेली कॅप ही क्षुल्लक वस्तू नव्हे. तसेच म्हणूनच गरम गाडीची कॅप उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

गंजाची बाब त्याहून महत्त्वाची. पूर्वीची इंजिने ओतीव लोखंडाची आणि रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. नळ्या तुंबल्या तर रेडिएटरवाले कारागीर टाकी उकलून आत सळई फिरवीत आणि पुन्हा डाग देत. आता बहुतेक गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे, रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या. अशा रेडिएटरला डाग देता येत नाही, बहुधा तो बदलावाच लागतो. कूलंटमधील रक्षक रसायने काळाने संपतात, ग्लायकोल मात्र राहते. त्यामुळे रंग हिरवागार दिसत असूनही आतून संरक्षण संपलेले असू शकते. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांनी आणि दीर्घ मुदतीचे पाच वर्षांपर्यंत बदलतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जी मुदत असेल ती खरी.

रंगावरून जात ओळखू नये. हिरवे, लाल, निळे हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरविते. युरोपातील कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण जड पाण्यात ते खपली धरते. जपानी कंपन्या सिलिकेट टाळतात, कारण ते वॉटर पंपाच्या सीलला मानवत नाही. तेव्हा पुस्तिकेत लिहिलेली जात पाहूनच डबा घ्यावा आणि दोन जाती एकत्र करू नयेत.

आता प्रत्यक्ष काम. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तसा आपल्याकडे जो सुटीचा दिवस असेल त्याची सकाळ निवडावी. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. जागा सपाट असावी, चाकांना दगड लावावेत. आधी कॅप उघडून आत पाहावे. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा खाकी साय असेल, अथवा गाडी चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर हे काम आपले नाही. गॅस्केटची शंका धरून गाडी उस्तादकडे न्यावी. गाडी वॉरंटीत असेल, किंवा कूलंट यंत्राने भरावे असे पुस्तिकेत सांगितले असेल, तरीही घरी हात घालू नये.

सगळे ठीक दिसले तर रेडिएटरखाली पसरट घमेले ठेवावे आणि तळाचा ड्रेन प्लग सोडावा. प्लग नसेल तर खालच्या होज पाईपची क्लिप सैल करावी. केबिनला हीटर असल्यास त्याची मूठ गरमकडे फिरवावी. जे निघेल ते मापाने मोजून लिहून ठेवावे. या मोजण्याला आळस करू नका, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

निघालेले कूलंट स्वच्छ असेल आणि वेळच्या वेळी बदलत आलेले असाल, तर पाण्याने धुण्याची गरजच नाही. त्याच जातीचे तयार मिश्रण भरावे. तपकिरी, गढूळ निघाले तर मात्र धुवावे. प्लग लावून स्वच्छ पाणी भरावे, कॅप लावावी आणि वरचा होज पाईप गरम होईपर्यंत इंजिन चालवावे. पाईप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी ब्लॉकमधून फिरू लागले. मग इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पाणी सोडावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. स्वच्छ पाणी निघेपर्यंत हेच पुन्हा करावे आणि शेवटच्या एक-दोन फेऱ्या बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरच्या कराव्यात. काम दिवसभराचे आहे, पण बहुतेक वेळ वाट पाहण्यातच जातो. काही जण लवकर व्हावे म्हणून कॉस्टिक सोडा घालतात. तो ॲल्युमिनियम खातो. गळतीवर हळद टाकण्याची चालकांची जुनी युक्तीही तशीच. हळद भोक बुजविते आणि त्याबरोबर नळ्याही बुजविते. घाटात अडकलेल्याने घरापर्यंत येण्यासाठी ती केली तर समजू शकते, घरी मुळीच करू नये.

सर्वांत जास्त चूक होते ती भरताना. प्लग सोडल्यावर सगळे पाणी बाहेर येत नाही. ब्लॉकमध्ये व पाईपांत बरेचसे राहून जाते. समजा, पुस्तिकेप्रमाणे एकूण मापन साडेचार लिटर आहे आणि शेवटच्या फेरीत निघाले तीन लिटर. म्हणजे दीड लिटर साधे पाणी आतच आहे. आता तीन लिटर तयार मिश्रण, म्हणजे निम्मे पाणी घातलेले, ओतले तर त्यात कूलंट दीड लिटरच. साडेचारात दीड, म्हणजे एक तृतीयांश. आपण निम्म्याचे पैसे मोजले आणि इंजिनाला मिळाले ते असे पाणचट. म्हणून धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेट लिहिलेला डबा घ्यावा. एकूण मापाच्या निम्मे, म्हणजे या उदाहरणात सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतावे आणि उरलेले पाऊण लिटर डिस्टिल्ड वॉटर. आपल्या जातीचे कॉन्सन्ट्रेट बाजारात नसेल, तर तयार मिश्रण भरून गाडी थोडी चालवावी, थंड झाल्यावर सोडावे आणि नवे मिश्रण भरावे. खर्च दुप्पट होतो, दुसरा मार्ग नाही. जास्त ते चांगले म्हणून निव्वळ कॉन्सन्ट्रेटही भरू नये, कारण उष्णता वाहून नेण्यात ग्लायकोल पाण्याच्या मागे आहे.

मग हवा काढणे. कॅप उघडी ठेवून इंजिन संथ चालू द्यावे, होज पाईप अधूनमधून दाबावेत, पातळी उतरेल तशी भर घालावी. काही गाड्यांना यासाठी वेगळा स्क्रू असतो. इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे अशा व्हॅनमध्ये लांब पाईपांत हवा हटकून अडकते. तेथे गाडीचे तोंड चढावर ठेवले तर काम सोपे होते. बुडबुडे थांबले, पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला, की कॅप लावावी. बाजूची बाटलीही धुऊन त्याच मिश्रणाने दोन रेघांच्या मध्ये भरावी.

घमेल्यातील जुने कूलंट गटारीत किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करून जीव घेते. आपल्या गल्लीत लहान मुले खेळतात, दारात बकऱ्या बांधलेल्या असतात. काम चालू असताना घमेले उघडे सोडून आत जाऊ नका. सांडले तर भरपूर पाण्याने धुवावे. जुने कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी लावून, ज्या गॅरेजमध्ये टाकाऊ कूलंट जमा करतात तेथे द्यावे. जळक्या तेलात मिसळू नये. कॅनसाठी पिण्याच्या पाण्याची बाटली वापरू नये. मुलाने घोटभर जरी प्यायले अशी शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे आणि कूलंटचा डबा डॉक्टरांना दाखवावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी. थोडी उतरलेली असतेच. उरलेले मिश्रण बाटलीत भरून गाडीत ठेवावे, म्हणजे वाटेत कुणाच्या बोअरवर थांबण्याची वेळ येणार नाही. आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी. आमच्या व्हॅनवर अशा तीन चिठ्ठ्या आहेत.