वर्गांतील चर्चा व इंग्रजी संभाषण

पालक शाळेंत भेटीस येतात, तेव्हां त्यांच्या मुखीं बहुधा एकच प्रश्न असतो : “सर, मुलाला इंग्रजींत गुण उत्तम पडतात, मग चारचौघांत बोलण्याची वेळ आली म्हणजे तो मुका कां होतो?” प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देणें हें आम्हां शिक्षकांचें कर्तव्य आहे.

शब्दांचा व व्याकरणाचा सांठा वाचन-लेखनानें होतो. परंतु संभाषण म्हणजे पाठ केलेलें भाषण नव्हे. भाषणांत आपण काय बोलणार हें आधीं ठरलेलें असतें. संभाषणांत समोरचा काय बोलेल हें ठाऊक नसतें. त्याचें ऐकावयाचें, समजून घ्यावयाचें व त्याच क्षणीं उत्तर जुळवावयाचें, अशीं तीन कामें एकदम करावीं लागतात. विहिरीच्या कांठावर बसून जसें पोहणें येत नाहीं, तसें हें कौशल्य दुसऱ्या माणसावांचून येत नाहीं. वर्गांतील चर्चेचें महत्त्व तें हेंच.

येथें एक कबुली देणें मला प्राप्त आहे. माझ्या शिक्षकीच्या पहिल्या वर्षीं एक विद्यार्थी इंग्रजींत आपलें मत मांडण्यास उभा राहिला. त्याच्या पहिल्या वाक्यांत मीं क्रियापद सुधारलें, दुसऱ्यांत उच्चार. तिसऱ्या वाक्याला वर्ग हंसला, आणि मीही हंसलों. तो खालीं बसला, व वर्ष संपेपर्यंत पुन्हां उभा राहिला नाहीं. त्याच्या चुका अचूक शोधल्याचें मला त्या दिवशीं समाधान वाटलें होतें. आज त्याची लाज वाटते.

पुढें अनुभवानें चर्चेचे जे नियम मीं ठरविले, ते असे. विषय मुलांच्या जिव्हाळ्याचा असावा. ‘आवारांतील झाड तोडून तेथें सायकलींसाठीं छप्पर घालावें काय?’ हा विषय ‘विज्ञान : शाप कीं वरदान?’ ह्यापेक्षां बरा. कारण दुसऱ्यावर पाठ केलेले निबंध तयार असतात, पहिल्यावर विचारच करावा लागतो. पांच-सहा जणांचे गट करावे, म्हणजे भित्र्या मुलासही पाळी मिळते. विचार जुळविण्यास पांच मिनिटें द्यावीं. त्या वेळीं मराठींत टिपण केल्यास हरकत नसावी. बोलणाऱ्यानें आधीं मागील वक्त्याचें म्हणणें आपल्या शब्दांत सांगावें, व ‘होय, मला हेंच म्हणावयाचें होतें’ असें त्यानें मान्य केल्यावरच आपलें मत मांडावें. ह्या एका नियमानें ऐकण्याची संवय लागते. शिक्षकानें मध्यें बोलूं नये. चुका वहींत टिपून घ्याव्या, आणि शेवटच्या दहा मिनिटांत, कोणाचेंही नांव न घेतां, फळ्यावर लिहून सर्वांकडून सुधारून घ्याव्या. हंसण्यास मात्र सक्त मनाई.

अशा वेळीं फळ्यावर ज्या गोष्टी येतात, त्या केवळ पुस्तक वाचून सहसा ध्यानांत राहत नाहींत. ‘तूं काल आला नाहींस का?’ असें विचारल्यास आपण मराठींत ‘हो, नाहीं आलों’ असें म्हणतों. इंग्रजींत तेथें ‘नो, आय डिडन्ट’ असेंच म्हटलें पाहिजे, नाहींतर ऐकणाऱ्याचा घोंटाळा होतो. तसेंच, मराठींत आदर क्रियापदांतच असतो. ‘दे’ आणि ‘द्या’ ह्यांतील अंतर लहान मूलही जाणतें. इंग्रजींत ‘यू’ सर्वांस एकच. म्हणून तेथें आदर बहुधा प्रश्नाच्या रूपानें दाखवावा लागतो. ‘गिव्ह मी द बुक’ हें आपण ‘द्या’ ह्या भावनेनें म्हटलें, तरी ऐकणाऱ्यास तें ‘दे’ असें वाटतें. त्याऐवजीं ‘कुड यू गिव्ह मी द बुक, प्लीज?’ असें म्हणावें. मतभेद दाखवितांनाही ‘यू आर राँग’ न म्हणतां ‘आय सी युवर पॉइंट, बट आय अ‍ॅम नॉट शुअर आय अग्री’ असें म्हटल्यास संवाद तुटत नाहीं. संभाषणाची प्रौढ पायरी ती हीच : शुद्ध वाक्य बोलणें एवढेंच नव्हे, तर समोरच्याचा मान राखून विरोध करतां येणें.

ही रीत आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईंत १८४८ सालीं एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तेथें तरुण मंडळी निबंध वाचीत व चर्चा करीत. तिच्या मराठी व गुजराती शाखांत हेंच कार्य स्वभाषेंत चाले. पुढें १८९२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत निवडून गेलेले दादाभाई नौरोजी ह्याच मंडळींत वावरलेले होते. स्वभाषेंतील विचार व परभाषेंतील वाणी ह्यांचें वैर नाहीं, हें त्यांच्या उदाहरणानें दिसतें.

म्हणून पालकांस विनंति कीं, पाहुण्यांसमोर मुलांस ‘चार वाक्यें इंग्रजींत बोलून दाखव’ असें म्हणूं नये. त्यापेक्षां जेवतांना मराठींतच एखाद्या गोष्टीवर त्यांचें मत विचारावें, आणि तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. ज्याला घरीं मत विचारलें जातें, त्याच्यापाशीं वर्गांत बोलण्यासारखें कांहीं तरी असतें.

आणि विद्यार्थी मित्रहो, बोलतांना चुकलांत तरी चालेल; परंतु शेजारी चुकला असतां हंसूं नका. एका हंसण्यानें एखाद्याचें तोंड वर्षभर बंद होतें, हें मीं पाहिलें आहे.