कृष्णेच्या काठानं वर, वेण्णेच्या काठानं खाली

साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर माहुली. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. दोघींचं माहेर एकच, महाबळेश्वरचा डोंगर. कृष्णा धोम-वाईवरून मोठा वळसा घेत येते, वेण्णा मेढ्याच्या खोऱ्यातून जवळची वाट धरते आणि माहुलीच्या घाटाशी दोघी पुन्हा भेटतात. सातारा जिल्ह्यात सायकलसाठी वाट सुचव म्हणून कुणी विचारलं, की मी ही सांगतो: संगमापासून कृष्णेच्या काठाकाठानं वर जायचं आणि वेण्णेच्या खोऱ्यातून खाली यायचं. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटर होतात. वाटेतल्या गावांकडे वळत गेलं तर दीडशेच्या वर. तयारीचा सायकलस्वार ते एका दिवसात उरकू शकतो, पण मी दोन दिवस ठेवतो आणि मुक्काम वाईला करतो. या वाटेवरची गावं पाण्यानं वसवलेली आहेत आणि ते समजायला त्यांच्याजवळ थांबावं लागतं.

माहुलीतून निघायची वेळ उजाडण्याआधीची. काळ्या दगडाचे घाट, विश्वेश्वराचं देऊळ आणि समाध्या. पेशवाईतल्या रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. शाहू महाराजांना वाघापासून वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची समाधीही इथेच दाखवतात. पहिले काही किलोमीटर सपाटीचे आहेत, पण महामार्गाची सोबत नको वाटते. सेवा रस्ता मिळेल तिथे तो धरावा आणि लिंब फाट्याला आत वळावं.

लिंब आणि शेरी यांच्या शिवारात बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, 1719 ते 1724 या वर्षांत. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट. मोटा लावायच्या जागा पंधरा, त्यांतल्या बारा चालत म्हणून हे नाव. पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेलं, की विहिरीच्या पोटातच कोरीव खांबांचा छोटा महाल लागतो. बाहेर ऊन चढलेलं असलं तरी आत अंग निवतं. आमराईला पाणी द्यायला म्हणून हे एवढं बांधकाम! तिथे बसलं की मला दर वेळी बैलांच्या खुरांचा आवाज आठवावासा वाटतो. बारा मोटा एकदम चालू असताना या दगडांत काय घुमत असेल!

पाचवडला महामार्ग सुटतो आणि वाईचा रस्ता सुरू होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधेमधे हळदीची शेतं. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पहिली पुढे गेली म्हणून आत वळू नये, दुसरी यायची असते. वाईच्या अलीकडे बावधन. रंगपंचमीला इथलं बगाड निघतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत तो अजस्र लाकडी गाडा बैल ओढत नेतात. त्या दिवशी सायकल घरी ठेवावी आणि माणसांच्या गर्दीत पायी शिरावं.

आणि वाई. नदीला धरून सात घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशी त्यांची नावं. थंडीच्या दिवसांत कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर एकामागून एक होत जातो. ढोल्या गणपतीच्या देवळात सगळेच जातात, पण सायकल भिंतीला टेकवून देवळाच्या मागच्या बाजूला यावं, असं मी आग्रहानं सांगेन. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं, तेही थेट नदीच्या पुराच्या वाटेत. म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीच्या काठी राहायचं तर तिच्याशी कसं वागायचं, हे त्या गवंड्यांना माहीत होतं.

वाईनं मराठीसाठीही मोठं काम केलं आहे. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली याच गावात उभं राहिलं. एवढा ज्ञानाचा पसारा मुंबई-पुण्याला न ठेवता एका तालुक्याच्या गावी, नदीकाठी मांडला गेला, याचं मला फार अप्रूप आहे.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मेणवली आणि धोम करून यावं. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर होतील, चढ फारसा नाही. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेचा घाट. हिंदी चित्रपटांमुळे तो घाट लोकांना पाहिल्यासारखा वाटतो. मेणेश्वराच्या देवळाजवळ एक घंटा टांगलेली आहे, सुमारे 650 किलो वजनाची पंचधातूची. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. समुद्राकाठची ती घंटा सह्याद्रीच्या या बाजूला, एका महादेवापाशी आहे. पुढे धोमला नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंड भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगतं आहे असं वाटतं. जवळच धोम धरणाची भिंत. परतताना अंधार पडतो, तेव्हा दिवा विसरू नये.

दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या जवळ. मधलं अंतर बारा किलोमीटर. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर, आणि हे जवळजवळ अखंड. हा चढ अंगावर येणारा नाही, पण सोडतही नाही. पायथ्याला पसरणी गाव लागतं. शाहीर साबळे यांचं हे जन्मगाव. आज जे राज्यगीत आहे, ते महाराष्ट्रभर पोचलं ते या गावच्या आवाजात.

घाटात पहिल्या दोन किलोमीटरमध्ये जोर करायचा नाही, हा एकच नियम मी पाळतो. बोलता येईल एवढाच दम लागू द्यायचा. हलका गिअर लवकर टाकायचा, चढाला लागून पाय जड झाल्यावर नव्हे. वळणावर आतल्या बाजूला चढ जास्त असतो. समोर रस्ता मोकळा दिसत असेल तर वळण थोडं बाहेरून घ्यावं. बुवासाहेबांच्या देवळाजवळ पाणी पिऊन घ्यावं. एव्हाना वाई खाली खेळण्यासारखी दिसू लागलेली असते. मोटारीतून हा घाट पंचवीस मिनिटांत संपतो. मला सव्वा तास लागतो आणि त्या सव्वा तासात डोंगराचं पोट वाचता येतं. कापलेल्या कड्यात काळ्या बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेले दिसतात. वर पोचता पोचता रंग बदलतो, माती तांबडी होते. हा जांभा. पाचगणीचं टेबललँड म्हणजे याच जांभ्याचा सपाट माथा. हॅरिसन्स फॉलीवर थांबलं, की आदल्या संध्याकाळी जवळून पाहिलेलं धोमचं पाणी पायाखाली पसरलेलं असतं.

दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांवरून पाचगणी हे नाव. इथून महाबळेश्वर एकोणीस-वीस किलोमीटर, रस्ता वर-खाली होत जातो. शनिवार-रविवारी या पट्ट्यात सायकल घालू नये. मोटारींची रांग लागते आणि धुरानं छाती भरते. मंगळवार-बुधवार पाहावा. वाटेत भिलारला वळलंच पाहिजे. 4 मे 2017 रोजी हे पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, लोकांच्या घरांत, लॉजवर आणि देवळात पुस्तकांची कपाटं ठेवली गेली. कुणाच्याही ओसरीवर बसून वाचायला मोकळीक. अंगणापलीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे. घाट चढून आलेलं शरीर, हातात कवितांचं पुस्तक आणि समोर घरच्या माणसांनी विचारून आणलेला चहा: या वाटेवरचा तो अर्धा तास मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मी थांबत नाही. सरळ सहा किलोमीटर पुढे क्षेत्र महाबळेश्वरला जातो. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून धार पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांची ती धार मानतात. शेजारी कृष्णाबाईचं जुनं, दगडी, शांत देऊळ आहे. तिथे फारसं कुणी येत नाही. आत पाण्याची बारीक धार आणि समोर कृष्णेचं खोल खोरं. काल पहाटेपासून जिच्या काठानं आलो, तिचं हे एवढंसं रूप. या डोंगरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच्या जिवावर खालचा ऊस, हळद, विहिरी, घाट आणि गावं उभी आहेत.

परत फिरताना वेण्णा तलाव. गावाला पाणी मिळावं म्हणून साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी 1842 मध्ये तो बांधवला. इथून साताऱ्याचा रस्ता केळघरच्या घाटानं खाली उतरतो आणि मंडळींचं लक्ष चढाकडेच असल्यामुळे हा उतार अनेकांना गाफील गाठतो. मीही एकदा शिकलो. वळणावळणांवर ब्रेक दाबूनच ठेवला, रिम तापली आणि पुढची ट्यूब फुटली. सुदैवानं वेग कमी होता. तेव्हापासून ब्रेक दाबून सोडतो, पुन्हा दाबतो, आणि मधे दोनदा थांबून चाकाला निवू देतो. पावसाळ्यात या घाटात धुकं आणि दरडींची भीती असते. दसरा ते शिवरात्र हे दिवस बरे.

केळघरला घाट संपतो. भाताची खाचरं, कौलारू घरं आणि रस्त्याच्या कडेला चरणाऱ्या म्हशी. हे जावळीचं खोरं. चंद्रराव मोऱ्यांच्या काळात या रानात शिरणं म्हणजे जिवाशी गाठ होती. मेढा हे आज त्याचं तालुक्याचं ठिकाण. इथल्या घराघरांतलं कुणीतरी मुंबईला आहे, त्यामुळे गावं दुपारी जरा रिकामी वाटतात. पण टपरीवर थांबलं की कुठून आलात, का आलात, जेवलात का, हे तीन प्रश्न येतातच. तिसऱ्याचं उत्तर नाही असं दिलं तर भाकरी पुढे येते.

मेढ्यानंतर वेण्णा बाजूनं चालू लागते आणि कण्हेर धरणात पसरते. उतार आता इतका हलका असतो की पाय नुसते फिरत राहतात. सूर्य पाठीशी, आपली सावली पुढे लांबलेली आणि समोर अजिंक्यताऱ्याचा डोंगर. साताऱ्यात शिरून थांबता येतं. मी तसाच पुढे माहुलीला जातो, बूट काढतो आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर, दोन्ही पाण्यं जिथे एक होतात तिथे, पाय सोडून बसतो.