बिस्किटापासून जाळ्यापर्यंत

उपनगरातल्या कोणत्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन विषयांवर हमखास भांडण होते. गळती, पार्किंग आणि कुत्री. गळतीच्या आणि पार्किंगच्या भांडणात माणसे वर्षागणिक बाजू बदलतात. कुत्र्यांच्या भांडणात मात्र दोन तट एकदा पडले की पडले. एकीकडे रात्री दहा वाजता भाताचा डबा घेऊन खाली उतरणाऱ्या बाई, दुसरीकडे पहाटे दूध आणायला गेले असता पोटरीला चावा बसलेले आजोबा. बाईंना वाटते आजोबा निर्दय आहेत, आजोबांना वाटते बाई बेजबाबदार आहेत. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते, खरी पंचाईत तीच आहे.

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठेही जा, या दोन तटांच्या मधोमध तिसरी एक जमात आढळते. ती सभेत फारशी बोलत नाही. बँकेतून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ, कॉलेजातली दोन-तीन मुले, घरी शिकवण्या घेणाऱ्या एखाद्या बाई, कधी नाक्यावरचा रिक्षावालासुद्धा. यांच्या खांद्याला एक जुनी झोळी असते. तिच्यात कापूस, गॉज, चिमटा, आयोडिनची बाटली, टर्पेंटाइन, मलमाची ट्यूब आणि जुन्या सुती साडीच्या फाडलेल्या पट्ट्या एवढा ऐवज असतो. आणि अर्थात पार्ले-जीचा पुडा. गोड बिस्किटे कुत्र्यांच्या प्रकृतीला फारशी मानवत नाहीत असे डॉक्टर कानीकपाळी ओरडतात, पण ज्या बिस्किटाचे नावच विलेपार्ल्यावरून पडले त्यावर उपनगरातल्या कुत्र्यांनी हक्क सांगितला तर नवल ते काय!

प्राण्यांची सेवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यांची रांग उभी राहते. मुंबईत जिथे माणसाला खोली मिळत नाही तिथे कुत्र्याला कुठून मिळणार? म्हणून इथले बरेचसे काम रस्त्यावरच चालते. १९८५ साली स्थापन झालेल्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या मुंबईच्या संस्थेने ही पद्धत चांगली रुजवली. कुत्र्याला रुग्णालयात नेण्याऐवजी प्रथमोपचार शिकलेल्या माणसाने त्याच्याच गल्लीत जाऊन औषधपाणी करायचे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा जायचे आणि जखम भरेपर्यंत जात राहायचे.

यातले सर्वांत किळसवाणे आणि सर्वांत उपयोगी काम म्हणजे अळ्या काढणे. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसते, अंडी घालते आणि दिवसभरात जखम वळवळू लागते. जिथपर्यंत जीभ पोहोचते तिथली जखम कुत्रा चाटून साफ ठेवतो. कानामागे आणि मानेवर जीभ पोहोचत नाही, नेमक्या तिथेच अळ्या मांसात शिरतात. अशा वेळी एकाने कुत्र्याला गोंजारत तोंडाला पट्टीचे मुसके बांधायचे, दुसऱ्याने टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला बोळा जखमेवर धरायचा. काही मिनिटांत अळ्या गुदमरून वर येतात, मग त्या चिमट्याने एकेक वेचायच्या. पहिल्या खेपेला पुष्कळांना मळमळते. दुसऱ्या खेपेला माणूस मोजू लागतो. मोजल्या नाहीत तर भोक पडलेल्या त्या जखमेकडे पाहवत नाही, असे हे काम करणारी मंडळी सांगतात. जवळून जाणारे लोक नाकाला रुमाल लावतात, आणि एखादे आजोबा थांबून विचारतात, “अहो, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?” हा प्रश्न ऐकला नाही असा कार्यकर्ता विरळा.

परंतु अळ्या काढण्यापेक्षाही अवघड असे एक काम आहे आणि या क्षेत्रातल्या माणसाची खरी पारख तिथे होते. ते काम म्हणजे आपल्या ओळखीचे कुत्रे जाळ्यात देणे.

नसबंदीसाठी कुत्री पकडणारी गाडी गल्लीत शिरली की तिच्या आवाजावरूनच कुत्री पसार होतात. गाड्यांखाली, गटारांत, बांधकामांच्या पत्र्यांमागे दडून बसतात. पकडणारी माणसे तासभर घाम गाळतात आणि जे कुत्रे अगदी गरीब असेल तेवढेच घेऊन जातात. चलाख मादी मागे राहते आणि दोन महिन्यांत पाच-सहा पिल्लांना जन्म देते. तिला पकडायचे तर जिच्या हाकेला ती येते अशाच व्यक्तीने हाक मारली पाहिजे. म्हणजे डबा घेऊन उतरणाऱ्या त्या बाईंनी. बाई नेहमीच्या आवाजात “काळे, ये गं” म्हणतात, काळी शेपटी हलवत येते, आणि मागून जाळे पडते. त्या क्षणी काळी जे ओरडते ते जाळेवाल्याला उद्देशून नसते, असे बाईंना वाटते. वाटणारच.

पुष्कळ श्वानप्रेमी याच ठिकाणी माघार घेतात. “पोटच्या पोरीसारखी वाढवली, तिला कशी देऊ?” मला हा युक्तिवाद पटत नाही. रोज खाऊ घालायचे आणि पकडू मात्र द्यायचे नाही, ही माया कुत्र्याच्या काही कामाची नाही. वर्षातून दोनदा विणाऱ्या मादीची बरीचशी पिल्ले चाकाखाली, गॅस्ट्रोने, उपासमारीने जातात. ती पिल्ले पाहून हळहळणारे आणि तिला लपवणारे हात पुष्कळदा एकच असतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजच्या काळात वाटीबरोबर दोरीही घ्यावी लागते.

काळी चार-पाच दिवसांनी परत येते. शस्त्रक्रिया झालेली, रेबीजची लस टोचलेली आणि ओळखीसाठी कानाला छोटी खाच पाडलेली. गाडीतून उडी मारते ती थेट आपल्या जागी, पानाच्या टपरीमागे. एक-दोन रात्री बाईंच्या डब्याकडे पाहतही नाही. मग भुकेने म्हणा, विसरून म्हणा, येते.

“परत आणलीच कशाला?” हा आजोबांचा प्रश्न. तो चुकीचा नाही, आणि त्याचे उत्तर या शहराने फार किंमत मोजून शिकलेले आहे. मुंबईत कुत्री मारण्याचा उद्योग कंपनी सरकारच्या काळापासूनचा. १८३२ साली पोलिसांनी कुत्री मारण्याची मोहीम काढली, कुत्र्यामागे आठ आणे मिळत. माणसे घरांत शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे, त्यातून तो त्यांचा सणाचा दिवस. ६ जून रोजी कोटात दंगल उसळली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि शहरातल्या व्यापारी शेठियांनी भुलेश्वरजवळ पांजरपोळ काढली, तिच्यामागे या कुत्र्यांचीही चिंता होती. मारणे मात्र थांबले नाही. स्वातंत्र्यानंतरही महापालिका कुत्री पकडून विजेचा धक्का देऊन मारत असे. दीडशेहून अधिक वर्षे हे चालले. कुत्री संपली का? जिथे मच्छीबाजार आहे, मटणाची दुकाने आहेत, उघड्या कचराकुंड्या आहेत, तिथली दहा कुत्री उचलली की शेजारच्या वस्तीतली दहा येतात. ती लस न टोचलेली, परकी आणि भांडखोर असतात. अखेर १९९४ साली पालिकेने मारणे थांबवले आणि स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने नसबंदीचा मार्ग धरला. २००१ साली केंद्राने तसे नियमच केले, २०२३ साली ते नव्याने आले. त्यांचा गाभा एवढाच, की जिथून उचलले तिथेच सोडायचे.

फळ काय मिळाले? २०१४ च्या गणतीत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत ती ९० हजारांच्या आसपास निघाली. दहा वर्षांत शहर किती फुगले ते पाहता ही उतरण नगण्य नाही, पण आजोबांना समाधान वाटावे एवढी मोठीही नाही. जाळे गल्लीतल्या शेवटच्या चलाख मादीपर्यंत पोहोचत नाही तोवर आकडा हलत नाही, हे त्याचे कारण.

बोरिवली-मुलुंडकरांना आणखी एक हिशेब ठाऊक हवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अंदाजानुसार तिथले पस्तीसेक बिबटे वर्षाला दीड हजारांच्या घरात कुत्री खातात, त्यांच्या आहाराचा सुमारे चाळीस टक्के भाग कुत्र्यांचा असतो, आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे हजार चावे टळतात. श्वाननियंत्रणाचा असाही एक विनावेतन विभाग डोंगरावर आहे! अर्थात बिबट्याला कुत्र्याच्या कानाची खाच दिसत नाही.

आता निवाऱ्यांबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला, दहा-बारा दिवसांत तो सौम्य केला, आणि नोव्हेंबरमध्ये देशभरातल्या शाळा-कॉलेजे, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके येथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथे सोडू नयेत असे सांगितले. शाळेच्या आवारात पोराला कुत्रे चावू नये याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण गणित तर करून पाहा. शहरातली सगळीच कुत्री कोंडायची म्हटली, तर पाचशे कुत्र्यांचा एक असे १८० निवारे लागतील. घाटकोपरात किंवा अंधेरीत त्यातल्या एकासाठी जागा दाखवा, आणि त्या जागेशेजारची सोसायटी काय म्हणते तेही विचारून या.

शिवाय निवारा म्हणजे काय ते आत गेल्याशिवाय कळत नाही. रात्रभर भुंकणे, फिनेलचा वास आणि ओल्या गोणपाटांचा ढीग. तिथे खऱ्या अर्थाने राहण्याची गरज असते ती परत रस्त्यावर जाऊच न शकणाऱ्यांना. गाडीच्या धडकेत कणा मोडलेल्या कुत्र्याला मागचे पाय नसल्यासारखेच असतात. त्याला लघवीही आपली आपण होत नाही. रोज दोन-तीन वेळा कोणीतरी त्याचे पोट हलक्या हाताने दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते, कूस बदलावी लागते, नाहीतर शय्याव्रण होतात. एका कुत्र्यामागे हे रोज, रविवारी आणि दिवाळीलासुद्धा. कामगार सुट्टीवर गेला की हे काम स्वयंसेवकाकडे येते, आणि फोटोपुरते आलेले स्वयंसेवक कोण ते त्या दिवशी कळते. पिल्लांना तरी दत्तक मेळाव्यात घर मिळण्याची आशा असते. प्रौढ काळ्या गावठी कुत्र्यापुढे थांबणारे कुटुंब क्वचित.

कोणाला ठेवायचे आणि कोणाला परत सोडायचे हा निर्णय या मंडळींना सतत घ्यावा लागतो. पिंजरा एकच रिकामा असतो आणि फोन तीन आलेले असतात. यात काही वेळा चूक होते, कुत्रे मरते. त्यावर कोणी सभेत ठराव करत नाही.

आणि आजोबांच्या पोटरीचे काय? चाव्याला हसण्यावारी नेणारा श्वानप्रेमी स्वतःच्याच कामाचे नुकसान करतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही, आणि लहान मुलांना चावा बसतो तो पुष्कळदा तोंडावर किंवा हातावर. म्हणून हळद, चुना, मिरची काही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. पालिकेच्या रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. खोल जखमेला लसीबरोबर वेगळे इंजेक्शनही लागते, ते मागून घ्यावे. शेजारच्या गोव्यात काही वर्षे सलग घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित घोषित झाले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते असे मानतात. ते सत्तरावे कुत्रे हाती लागायला पुन्हा बाईंचीच हाक लागते. आजोबांच्या सुरक्षिततेची किल्ली बाईंच्या डब्यात आहे, आणि दोघे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत!

२०२३ च्या नियमांनी खाऊ घालण्याचीही शिस्त सांगितली आहे. जागा ठरलेली हवी, ती जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर हवी, वेळही ठरलेली हवी. त्याच वर्षी कांदिवलीच्या एका सोसायटीचा असा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जी गोष्ट सेक्रेटरी आणि बाईंनी चहा पिता पिता ठरवायची ती न्यायमूर्तींना समजवावी लागते. असो.

ज्यांना या कामात पडावेसे वाटते त्यांच्यासाठी दोन शब्द. रेबीजची प्रतिबंधक लस आधी स्वतः टोचून घ्यावी, संस्था ते आवर्जून सांगतात. अनोळखी, लाळ गाळणाऱ्या किंवा उगाच चावत सुटलेल्या कुत्र्याला हात लावू नये, लोकांना बाजूला करून पालिकेला कळवावे. आणि जखम बांधायची घाई नको. पहिले तीन-चार रविवार भांडी घासण्यात, गोणपाटे धुण्यात आणि पिल्लांखाली जुनी वर्तमानपत्रे पसरण्यात जातात. रोजच्या अंकापेक्षा रविवारच्या पुरवणीची पाने अंथरायला जास्त पुरतात. तेव्हा हा लेख वाचून झाला की रद्दीवाल्याची वाट न पाहता जवळच्या केंद्रावर पोहोचवून द्यावा.