गेम अडकतोय? नवं कार्ड घेण्याआधी लाईन कुठे थांबते ते शोधा

रमजान ईद झाली की आमच्या रावेतच्या घरी मुलांचा हिशेब बसतो. ईदी किती जमली आणि तिचं काय करायचं? या वेळी भाच्याने हिशेब आधीच करून ठेवला होता. कॉम्प्युटरवर गेम झटके मारतो, दुकानदार म्हणाला ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय, बदला. ईदी पुरणार नव्हती, उरलेले पैसे अब्बांनी घालायचे. अब्बा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लाईनवर आहेत. त्यांच्या पगारात नवं कार्ड म्हणजे शाळेच्या फीला धक्का. आम्ही म्हटलं, दोन दिवस थांब, आधी बघू तरी.

(गेम खेळावा का, किती खेळावा, हा घरोघरचा वेगळा विषय आहे. तो आज नाही.)

गंमत म्हणजे दुखणं नेमकं काय ते सगळ्यात आधी अब्बांना कळलं, आणि त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही. पडद्यावरचं चित्र हलतं म्हणजे एकामागून एक स्थिर चित्रं येतात. एका सेकंदात किती आली, तो आकडा म्हणजे एफपीएस. ६० एफपीएस हवे असतील तर प्रत्येक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला पाहिजे. "म्हणजे सायकल टाइम," अब्बा म्हणाले. बरोबर. प्रोसेसर हे पहिलं स्टेशन, तो कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, याचा हिशेब करतो. ग्राफिक्स कार्ड दुसरं स्टेशन, ते चित्र रंगवतं. रॅम आणि डिस्क म्हणजे स्टोअर, माल तिथून येतो. यातलं एक जरी रखडलं तरी पुढचे सगळे हात बांधून उभे.

आता दोन तक्रारी वेगळ्या करायला हव्यात. एफपीएस पडणं म्हणजे अख्खी लाईन मंदावणं, ६० वरून ३५ वर. झटका बसणं म्हणजे लाईन नीट चाललीय, पण मध्येच एक नग उशिरा आला. समजा एका सेकंदात एकाच चित्राला १०० मिलिसेकंद लागले आणि बाकीची वेळेवर आली, तरी त्या सेकंदात साधारण ५५ चित्रं होतात. आकडा चांगलाच दिसतो, डोळ्याला मात्र ठेच लागते. म्हणून "एफपीएस तर बरा आहे" म्हणणारं पोरगं खोटं बोलत नसतं.

मग आम्ही तपासायला बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जीपीयू किती राबतायत ते दिसतं. गेम चालू ठेवून, अडकला रे अडकला की तिकडे बघायचं. कार्ड ९५ ते १०० टक्क्यांवर असेल तर खरंच कार्डाला झेपत नाहीये. आमच्याकडे झटक्याच्या वेळी कार्ड पन्नाशीतच होतं. म्हणजे दुकानदाराने ज्याला आजारी ठरवलं, ते रिकामं बसून मालाची वाट बघत होतं.

आणखी एक सोपी चाचणी आहे. गेमचं रेझोल्यूशन आणि ग्राफिक्स सगळ्यात खाली आणा. एफपीएस एकदम वर गेला तर अडचण कार्डाची. जवळजवळ तेवढाच राहिला तर प्रोसेसर, रॅम किंवा उष्णता बघा. व्हॅलोरंटसारखे गेम तर कार्डापेक्षा प्रोसेसरवरच जास्त अवलंबून असतात, तिथे नवं कार्ड घालून फारसं हाती लागत नाही.

आमच्याकडे पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळं ठीक असायचं, मग एफपीएस घसरायचा. असं झालं की उष्णतेचा संशय घ्यायचा. प्रोसेसर नव्वद-शंभर अंशांकडे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. एचडब्ल्यू इन्फो या फुकट प्रोग्रामवर तापमान दिसतं. आम्ही बघितलं तेव्हा ते ९६ होतं. रावेतमध्ये राहणाऱ्यांना कारण सांगायला नको. पुनावळे म्हणा, किवळे म्हणा, चहूकडे बांधकामं आणि खिडकी उघडी. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली सिमेंटच्या धुळीचा थर बसलेला. प्लग काढून, पंखा बोटाने धरून (नाहीतर हवेने गरगर फिरून खराब होतो) ब्लोअरने धूळ उडवली. ओला कपडा चुकूनही नको. जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान सत्तरीत आलं आणि घसरण थांबली.

लॅपटॉपवाल्यांनी तो गादीवर ठेवून खेळू नये, खालची हवा बंद होते. आणि चार्जर लावूनच खेळावं. बॅटरीवर लॅपटॉप मुद्दाम वेग कमी ठेवतो, तो बिघाड नव्हे.

घसरण गेली, झटके मात्र राहिले. तेव्हा डिस्क १०० टक्के आणि ८ जीबी रॅम काठोकाठ भरलेली. गेम जुन्या हार्ड डिस्कवर होता, आणि मागे ब्राउझरचे वीस टॅब उघडे. विंडोज असलेल्या एसएसडीवर जागा करून गेम तिकडे हलवला, टॅब बंद केले. उरलेल्या इलाजासाठी पैसे लागले, पण थोडे: रॅमची एकच पट्टी होती, तशीच दुसरी ८ जीबीची, वापरलेली मिळाली. दोन पट्ट्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत बसवल्या की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो. ज्यांच्याकडे वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळतात, त्यांना याचा फायदा सगळ्यात जास्त, कारण ते ग्राफिक्स रॅमच वापरतं.

मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असणं, हीही नेहमीची चूक. हसू नका, आम्हीही केलीय.

कधी दोष गेमचाच असतो. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला तेव्हा महागड्या मशीनवरही रखडत होता, कंपनीला एकामागून एक दुरुस्त्या द्याव्या लागल्या. बऱ्याच नव्या गेममध्ये प्रकाश आणि रंगाचे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, तुमच्या कार्डासाठी आधी तयार व्हावे लागतात. ते ऐन खेळात तयार होऊ लागले की पहिल्यांदा दिसणाऱ्या प्रत्येक जागी झटका बसतो, दुसऱ्यांदा नाही. सुरुवातीला "शेडर तयार होत आहेत" असं दिसलं तर तेवढा वेळ द्या, चहा घेऊन या. आणि ऑनलाईन गेममध्ये चित्र गुळगुळीत हलतंय पण माणूस मागे-पुढे उडतोय, तर ते नेटचं काम. पिंग बघा, वायफायऐवजी केबल लावून बघा. कार्ड बदलून नेट सुधारत नाही.

दुसऱ्याच्या एका वाक्यावर हजारो रुपये घालवायचे, याला आमच्या घरात इसराफच म्हणतात. अर्थात चाचणीत कार्डच कमी पडलं असतं तर घेतलंही असतं.

आता महिन्यातून एकदा, रविवारी असरनंतर, अब्बा स्वतः ब्लोअर घेऊन बसतात. भाच्याच्या ईदीतून रॅमचे पैसे गेले, बाकीची अजून अम्मीकडे आहे. त्याने आता मॉनिटरकडे बोट दाखवायला सुरुवात केलीय.