बर्लिनचं पत्र : दारावरची विचारपूस

बर्लिन, सप्टेंबर



शोनेबर्ग भागातल्या फुगरस्ट्रासवर दर सप्टेंबरात फोल्सम युरोप हा मेळा भरतो. चामड्याचे आणि रबराचे पोशाख घातलेली, गळ्यात पट्टा बांधलेली माणसं भरदिवसा रस्त्यावर दिसतात. बांधून घेणं, हुकूम पाळणं, पट्ट्याचा मार सोसणं यात ज्यांना कामसुख मिळतं, त्या किंक समाजाचा हा मेळा. आपल्या जालन्यात हा विषय घरात निघत नाही, हे ठाऊक असूनही लिहिते आहे. अशी ओढ असलेली माणसं आपल्याकडेही आहेत आणि त्यांना विचारायला कोणी नाही.

जर्मन कायदा इथे सरसकट मोकळीक देत नाही. दंडसंहितेच्या कलम २२८ प्रमाणे संमती असली, तरी सदाचाराला सोडून केलेली इजा गुन्हाच ठरते. २६ मे २००४ रोजी इथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयासमोर असं प्रकरण आलं, की बाईच्याच आग्रहावरून तिचा गळा दाबला गेला आणि ती दगावली. न्यायालय म्हणालं, असे प्रकार केवळ कामसुखासाठी होतात म्हणून ते सदाचाराविरुद्ध ठरत नाहीत. पण जिवाला प्रत्यक्ष धोका असेल, तर संमतीने गुन्हा धुऊन निघत नाही. ब्रिटनमध्ये १९९३ साली लॉर्डांच्या सभागृहाने तीन विरुद्ध दोन मतांनी याहून कडक भूमिका घेतली आणि एकानेही तक्रार केलेली नसताना, आपसात संमतीने असे प्रकार केलेल्या पुरुषांच्या शिक्षा कायम केल्या. मला जर्मन न्यायालयाचं म्हणणं पटतं. कुणाची आवड काय, यापेक्षा जीव धोक्यात आहे का, हे त्याने आधी पाहिलं.

किंक समाजात नवख्या माणसाची सुरुवात होते श्टामटिशपासून, म्हणजे एखाद्या साध्या हॉटेलात ठरलेल्या दिवशी जमणाऱ्या बैठकीपासून. अंगावर रोजचे कपडे, समोर बिअर किंवा चहा, नुसत्या गप्पा. इथे कुणी कुणाला हात लावत नाही. कोण कसा बोलतो, नकार दिला की कुणाचा चेहरा उतरतो, हे नवखा इथेच पाहून घेतो. पुढे एखाद्या अनोळखी माणसाला एकट्याने भेटायचं ठरलं, तर 'कव्हर' लावतात. भरवशाच्या मित्राला पत्ता, नाव आणि वेळ कळवायची. ठरल्या वेळी फोन करायचा. फोन आला नाही तर त्याने काय करायचं, तेही आधीच ठरवायचं. जबरदस्तीने फोन करायला लावला असेल, तर त्यासाठी वेगळा शब्द ठरलेला असतो.

मोठ्या कार्यक्रमांत दारावर विचारपूस होते. नियम माहीत आहेत का, आधी कुठे गेला होतात? फोन जमा करतात किंवा कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. इथे आलेल्यांत शिक्षिका असेल, नगरसेवक असेल. एका फोटोने नोकरी जाऊ शकते. आत पहाऱ्याला माणसं नेमलेली असतात. ती दारू घेत नाहीत, खेळात उतरत नाहीत, नजर ठेवतात. थांबण्याचे शब्द सिग्नलचे: हिरवा, पिवळा, लाल. तोंड बांधलेलं असेल, तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा देतात. जुडगा पडला की लगेच सोडायचं.

दोराने बांधण्याच्या एका कार्यशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांत आधी कात्री दाखवली. बोथट टोकाची, जखमेवरची पट्टी कापायला नर्स वापरते तशी. दंडाच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबली की मनगट लुळं पडतं आणि ते दुखतंच असं नाही. म्हणून बांधणाऱ्याने अधूनमधून विचारायचं : मनगट वर उचल, अंगठा उघड. जमलं नाही, तर गाठ सोडत बसायचं नाही, दोर कापायचा. "दोर नवा मिळतो," एवढंच त्या म्हणाल्या.

इतकं करूनही इथे छळ होतो. नाव असलेला माणूस, आयोजकांचा जुना मित्र, त्याच्याविरुद्ध कुणी बोललं तर बोलणाऱ्यालाच गप्प बसवलं जातं. इथेच सगळ्या नियमांचा कस लागतो. तक्रार कुणाकडे करायची हे आधीच जाहीर असेल आणि तक्रार ऐकणारा माणूस आयोजकांच्या मर्जीतला नसेल, तरच नियमांना काही अर्थ आहे.

आपल्याकडचं सांगायचं, तर १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ८७ आता भारतीय न्याय संहितेत कलम २५ आहे. अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू किंवा तशी जाणीव नसेल, तर झालेली इजा गुन्हा नाही. कलमातलं उदाहरण मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं आहे. द किंकी कलेक्टिव्ह नावाचा गट भारतात संमतीविषयी जागृतीचं काम करतो. पण जालना, अंबड, भोकरदनच्या मुलाला किंवा मुलीला श्टामटिश कुठला? तो ॲपवर ओळख काढतो, संभाजीनगरला किंवा पुण्याला एकटा जातो, घरी दुसरंच कारण सांगून. फोटो काढून पैसे उकळणाऱ्यांचं फावतं ते याच गुपितामुळे. पोलिसांत जावं तर घरी कळणार. त्याला दारावरची विचारपूस मिळणार नाही, पहारेकरीही नाही. कव्हर मात्र लावता येईल. कव्हरला पैसे लागत नाहीत, संस्था लागत नाही. लागतो एक मित्र, ज्याला पत्ता आणि वेळ सांगितली तर तो कारण विचारत बसणार नाही आणि ठरलेल्या वेळेला जागा राहील.