अमेरिकेतील काडतुसांची टंचाई (२०२०–२०२२)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२० ते २०२२ या काळात बंदुका व पिस्तुलांच्या काडतुसांचा मोठा तुटवडा निर्माण झाला आणि त्यांच्या किमती काही पटींनी वाढल्या. याचा सर्वाधिक फटका हौशी नेमबाजांना बसला. सैन्याचा पुरवठा स्वतंत्र करारांनी होतो आणि शिकाऱ्याला एका हंगामात मोजकीच काडतुसे पुरतात. नेमबाजाला मात्र एकाच दिवसाच्या सरावात शंभर-दोनशे काडतुसे लागतात. त्यामुळे कमी काडतुसांत कौशल्य टिकवण्याच्या अनेक पद्धती या काळात पुन्हा प्रचारात आल्या.

पार्श्वभूमी

अशी टंचाई अमेरिकेत प्रथमच आली नव्हती. डिसेंबर २०१२ मधील सँडी हुक शाळेतील हत्याकांडानंतर शस्त्रविषयक कायदे कडक होतील या भीतीने मोठी खरेदी झाली. त्या वेळी .२२ लाँग रायफल हे सर्वांत स्वस्त काडतूसही दीर्घकाळ दुर्मीळ झाले. सरकारच काडतुसे खरेदी करून बाजार रिकामा करीत असल्याची अफवा तेव्हा पसरली होती. प्रत्यक्षात अंतर्गत सुरक्षा विभागाची काडतूस खरेदी २००९ नंतर घटल्याचे शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाच्या २०१४ च्या अहवालातून दिसून आले.

कारणे

२०२० मध्ये कोविड-१९ ची साथ, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरची आंदोलने आणि अध्यक्षीय निवडणूक या तीन घटना एकाच वर्षी आल्या. एफबीआयच्या प्रणालीमार्फत शस्त्रखरेदीशी संबंधित पार्श्वभूमी तपासण्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८३ लाख झाल्या होत्या. २०२० मध्ये त्या सुमारे ३ कोटी ९६ लाखांवर गेल्या. शस्त्रउद्योगाच्या संघटनेच्या अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे ८४ लाख लोकांनी प्रथमच शस्त्र विकत घेतले. त्यांपैकी प्रत्येकाने ५० काडतुसांची केवळ दोन खोकी घेतली असे मानले, तरी ८४ कोटी काडतुसांची अतिरिक्त मागणी निर्माण होते.

पुरवठा त्या वेगाने वाढू शकला नाही. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी कवच, प्रायमर (स्फोटक टोपी), दारू आणि गोळी. यांपैकी प्रायमरचे उत्पादन धोकादायक असून अमेरिकेत ते प्रामुख्याने सीसीआय, फेडरल, विंचेस्टर व रेमिंग्टन या चार नाममुद्रांपुरते मर्यादित आहे. त्यांतील रेमिंग्टनने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिचा आर्कान्सा राज्यातील लोनोक येथील काडतूस कारखाना त्यानंतर व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने घेतला. भीतीची लाट ओसरली की मागणी कोसळते, या पूर्वानुभवामुळे उत्पादक नवे कारखाने उभारण्यास सहसा तयार नसतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये अलेक्सी नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाच्या संदर्भात अमेरिकेने रशियावर नवे निर्बंध घोषित केले. ७ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या या निर्बंधांनुसार रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने देणे थांबले. पोलादी कवचाची स्वस्त रशियन काडतुसे सरावासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जात असत.

किमती

साथीपूर्वी सुमारे २० सेंटला मिळणारे ९ मिमी सरावाचे काडतूस २०२१ च्या प्रारंभी ६० ते ८० सेंटपर्यंत पोहोचले. एक हजार प्रायमरची किंमत सुमारे ३० डॉलरवरून अनेक ठिकाणी १०० डॉलरच्या वर गेली. दुकानांनी प्रत्येक ग्राहकाला एक किंवा दोन खोकी अशी मर्यादा घातली.

हौशी नेमबाजांचे उपाय

खरेदी व साठवण: मोठी खरेदी टंचाईच्या काळात न करता बाजार शांत असताना दरमहा थोडी खरेदी करणे अधिक किफायतशीर ठरते. तुलना खोक्याच्या किमतीवरून न करता वाहतूक खर्च व करासह प्रत्येक काडतुसाच्या किमतीवरून केली जाते. मूळ खोक्यात, थंड व कोरड्या जागी ठेवलेली काडतुसे अनेक दशके वापरण्याजोगी राहतात. टंचाईच्या भीतीने केलेली साठेबाजी मात्र टंचाईच वाढवते.

पुनर्भरण: काडतुसातील पितळी कवच हा महागडा भाग असून तो अनेकदा वापरता येतो. झाडलेले कवच साफ करून, पुन्हा मापात आणून त्यात नवा प्रायमर, दारू व गोळी बसवतात. .२२ लाँग रायफलमध्ये प्रायमरचे मिश्रण कवचाच्या कडेतच असल्याने त्याचे पुनर्भरण व्यवहार्य नाही. पुनर्भरणात चूक जिवावर बेतू शकते. दारू दुप्पट पडल्यास शस्त्र फुटू शकते. ती फार कमी पडल्यास गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार धोकादायक ठरतो. हाती आहे ती दारू प्रकाशित भरण-कोष्टकाबाहेर वापरण्याचा मोह टंचाईत वाढतो; तो टाळणे हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम आहे. या काळात प्रायमरही दुर्मीळ झाल्याने पुनर्भरणाचा लाभ मुख्यतः आधीपासून साहित्य बाळगणाऱ्यांनाच झाला.

छऱ्याच्या काडतुसांत शिशाचे प्रमाण कमी करता येते. सुमारे ११.३ किलो (२५ पौंड) शिशात ३२ ग्रॅमची सुमारे ३५० काडतुसे भरता येतात, तर २४ ग्रॅमची सुमारे ४७०. ऑलिंपिक ट्रॅप व स्कीट स्पर्धांत २४ ग्रॅम हीच मर्यादा आहे. अशा हलक्या भरणासाठीही त्या भरणाचे प्रकाशित कोष्टकच वापरावे लागते.

रिकाम्या शस्त्राचा सराव: शस्त्र धरणे, नेम, श्वास आणि चाप ओढणे यांचा सराव काडतुसाविना करता येतो. त्यासाठी शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करणे, खोलीत एकही जिवंत काडतूस न ठेवणे आणि नळीचा रोख सुरक्षित दिशेला ठेवणे आवश्यक असते. .२२ शस्त्रांची घोडासुई रिकाम्या कक्षाच्या कडेवर आपटू शकते, म्हणून त्यांत नकली काडतूस वापरतात. अशा सरावात धक्का व आवाज यांची सवय मात्र होत नाही.

पर्यायी शस्त्रे: एआर-१५ रायफल व १९११ पिस्तूल यांसारख्या शस्त्रांना .२२ काडतुसांसाठी रूपांतर संच मिळतात. एअर रायफल व एअर पिस्तुलाचे छरे अत्यंत स्वस्त असतात. १० मीटर एअर रायफल हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, त्यामुळे हवेच्या बंदुकीवरील सराव दुय्यम मानला जात नाही.

सरावाची आखणी: प्रत्येक बाराचा हेतू आधी ठरवणे आणि निकाल वहीत नोंदवणे, हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. आखणी करून झाडलेली २५ काडतुसे निरुद्देश झाडलेल्या शंभरांहून अधिक शिकवू शकतात.

परिणाम व नंतरचा काळ

सराव बंद पडण्याची सर्वाधिक झळ नवशिक्यांना बसली. शस्त्र घरात आले, पण ते सुरक्षितपणे हाताळण्यासाठी आवश्यक प्रशिक्षणाला काडतुसे मिळेनात. २०२२ मध्ये पुरवठा सुधारला आणि किमती उतरल्या. तथापि त्या सर्वसाधारणपणे २०१९ च्या पातळीपर्यंत आल्या नाहीत. युक्रेन युद्धामुळे दारू व तिच्यासाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची जागतिक मागणी वाढली असून तिचा परिणाम नागरी बाजारावरही झाला आहे.